गिरणीतलं इंग्रजी: आधी घडू दे, मग बोल!

गिरणीत पीठ कधी साचतं ते कुणाला दिसत नाही. संध्याकाळी झाडून घेतलं तरी सकाळी जाळीवर, फोनवर, कॅलेंडरातल्या देवाच्या नाकावर पुन्हा थर बसलेलाच! किश्श्यांचं तसंच आहे. मी काही मुद्दाम गोळा करायला गेले नाही. (हे वाचून आमचे मालक खाकरतील. खाकरू देत!) दौंडला कुरकुंभ रस्त्यावर आमची पिठाची गिरणी. कंपनीच्या शिफ्टची बस थांबायची ती आमच्याच दारात. आणि आख्ख्या ओळीत फोन एकच, तोही आमच्याच गिरणीत. म्हणजे लोकांचे डबे माझ्यासमोर, लोकांची बस माझ्या दारात आणि लोकांचे फोन माझ्या कानात. आता सांगा, चौकस मी, की माझं नशीब?

मी सांगतेय ते नव्वद सालानंतरचं, मोबाइल अजून आमच्याकडं कुणी पाहिला नव्हता तेव्हाचं. माझं शिक्षण सातवीपर्यंत, वडगाव रासाईच्या शाळेत. पण इंग्रजीतले काही वाक्प्रचार मला असे पाठ आहेत की झोपेतून उठवून विचारलं तरी अर्थ सांगीन. कारण प्रत्येकाला एकेक दिवस चिकटलाय. तो दिवस आठवला की अर्थ आपोआप तोंडात येतो.

*

आमच्या शेजारच्या खोलीत बिरुदेव भाड्यानं राहायचा. धनगराचा पोरगा. आई लहानपणीच गेलेली, वडील गावाकडं थोडीफार मेंढरं राखून शेती करायचे. पोरगा बी.एस्सी. झाला आणि कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून लागला, पण कॉन्ट्रॅक्टवर. त्या वर्षी कंपनीत नवा मॅनेजर आला, दिल्लीकडचा. त्यानं जाहीर केलं की कॉन्ट्रॅक्टवाल्यांना पर्मनंट करणार, पण आधी इंटरव्ह्यू होणार. आणि तो इंग्रजीत!

बिरू त्या दिवशी बसमधून उतरला तो थेट गिरणीत. चेहरा आमच्या पिठापेक्षा पांढरा.

'मावशी, केमिस्ट्री काय बी विचारू देत, सांगीन. पण इंग्रजी बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्यालाच चिकटते हो!'

बाकावर डोरा आंटी दळणाची वाट बघत बसल्या होत्या. रेल्वेच्या गार्डची बायको. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. जन्म दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधला, अंगात कायम फुलाफुलांचा फ्रॉक, आणि मराठी आमच्यापेक्षा रांगडं!

'मी शिकवते,' त्या म्हणाल्या. 'पुस्तक नको आन् वही नको. एका वेळी एक वाक्प्रचार देनार. आजचा घे. ओव्हर द मून. म्हंजी आनंदानं आभाळ ठेंगणं होणं. बोल!'

'आय ॲम ओव्हर द मून,' बिरू म्हणाला.

'का? काय झालं?'

'काही नाही आंटी, उदाहरण म्हणून...'

'काहीच झालं न्हाई आन् तू पार चंद्राच्या वर? खोटं बोलतोस? गीळ परत!'

बिरूनं खरंच आवंढा गिळला.

मग आंटींनी नियम सांगितला. जे आपल्याला घडलं नाही ते बोलायचं नाही. आधी घडू दे, मग बोल. तोवर वाक्प्रचार कुलपात!

बिचारा बिरू रोज विचारायचा, 'आंटी, आज बोलू का ओव्हर द मून?'

'काय झालं आज?'

'पिठलं चांगलं झालं होतं.'

'पिठल्यानं चंद्र गाठतोस व्हय रे? गप बस!'

*

नियम बिरूला होता, पण गिरणीत बसणारे आम्ही सगळेच त्यात ओढले गेलो. पहिला बळी आमचे मालक.

मालकांची दाढ दुखत होती. गाल एवढा सुजला की टोपी तिरकी बसायला लागली. डॉक्टर म्हणाले काढावी लागेल, आणि हे आपले लवंग धरून दिवस ढकलतायत. आंटींनी त्या दिवशी वाक्प्रचार दिला, 'बाइट द बुलेट'. म्हणजे टाळत आलेलं अवघड काम दात-ओठ खाऊन एकदाचं उरकून टाकणं. अर्थ सांगितला बिरूला, पण बघत होत्या मालकांकडं.

मालकांना ते लागलं. दुपारी टोपी झटकून निघाले. थोड्या वेळानं परत आले ते छाती पुढं काढून, आणि भरल्या गिरणीत म्हणाले, 'आय बिट द बुलेट!'

बायकांनी टाळ्या वाजवल्या. आंटी उठल्या, चष्मा लावला, मालकांसमोर उभ्या राहिल्या.

'तोंड उघडा.'

'अहो, आता दुखतंय...'

'उघडा!'

मालकांनी तोंड उघडलं. आंटींनी आत वाकून पाहिलं.

'दाढ जागेवर हाय! गिळा परत!'

दवाखान्याच्या पायरीवरूनच माघारी आले होते! दुसऱ्या दिवशी मात्र खरंच गेले. दाढेच्या भीतीपेक्षा आंटींसमोर पुन्हा तोंड उघडायची भीती मोठी. आले तेव्हा तोंडात कापसाचा बोळा, बोलता येईना. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि दाढच बाकावर ठेवली.

'आता बोला,' आंटी म्हणाल्या.

'ऊं...'

'पास!'

*

बिरूला 'ब्रेक द आइस' मिळाला तेव्हा त्याला भांडगावला पोरगी बघायला जायचं होतं. ब्रेक द आइस म्हणजे बर्फ फोडणं. अनोळखी माणसं अवघडून गप्प बसली की कुणीतरी पहिला शब्द काढून गाठ सोडवणं. 'आज ह्यो तुला नक्की घडनार,' आंटी म्हणाल्या. 'पोरीच्या घरी सगळे खांबासारखे बसत्यात. तू फोड बर्फ!'

बिरूचे आप्पा गावाकडनं आले होते. बायकांतर्फे मी. (मला कुणी बोलावलंच नव्हतं असं मालक म्हणतात. साफ खोटं!) आम्ही जीपमध्ये बसून बिरूची वाट बघत होतो. एरवी बसमधून सावकाश, सगळ्यांच्या शेवटी उतरणारा तो पोरगा त्या दिवशी बस नीट थांबायच्या आत उडी मारून उतरला.

'बॅच उतरली की लाइन धुवायची असते. तेवढ्यात बसनं हॉर्न दिला. पळालोच!' असं म्हणत त्यानं शर्ट बदलला. मी त्या बोलण्याकडं लक्ष दिलं नाही. माझं लक्ष माझ्या पदराच्या इस्त्रीकडं होतं.

भांडगावात अगदी आंटी म्हणाल्या तसंच. पोरीचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणायचे, मिशीवर हात ठेवून छताकडं बघतायत. आप्पा स्वतःच्या पायताणाकडं. पोह्याच्या बश्या रिकाम्या झाल्या तरी आवाज फक्त पंख्याचा. बिरूचे ओठ हलत होते. मला दिसत होतं, पोरगं पहिला शब्द जुळवतंय. आता फोडतोय, आता फोडतोय...

तेवढ्यात चहाचा ट्रे ठेवता ठेवता पोरीनं, सुरेखानंच विचारलं, 'शिफ्ट कुठली तुमची?'

'फर्स्ट.'

'मग पहाटं डबा कोण करून देतं?'

'मीच करतो.'

'काय करता?'

'पिठलं.'

'रोज?'

'रोज.'

ती पदर तोंडाला लावून हसली, तिची आई हसली, आप्पा हसले, सगळं घर हसलं. मग आबांनी मिशीवरचा हात काढला.

'पोरगं झ्याक हाय. आमाला पसंत हाय. पण पाव्हणं, कॉन्ट्रॅक्ट म्हंजी आज हाय, उद्या न्हाई. पर्मनंट होऊ द्या, त्याच दिवशी सुपारी फोडू. न्हाईतर... दुसरीकडं बी बोलणं चालू हाय आमचं.'

परत येताना जीपमध्ये बिरू नुसता बाहेर बघत बसलेला.

'का रे, पोरगी आवडली नाही का?'

'आवडली की.'

'मग पर्मनंटची काळजी लागली?'

'ती तर हायच. पण मावशी, आंटींना काय सांगू? बर्फ तिनं फोडला!'

*

हसणं तेवढ्यापुरतंच झालं. दुसऱ्याच दिवशी सकाळी एक जीपवाला गिरणीसमोर थांबून सांगून गेला, 'बिरू जातो ना, त्या कंपनीत धोक्याचा भोंगा झालाय. गेट बंद केलंय. आत काय झालंय, कळंना.'

ज्यांचे नवरे, पोरं त्या शिफ्टला होती त्या सगळ्या बायका गिरणीत जमल्या. आमचा एकच फोन, त्याच्याकडं डोळे लावून. कुणाच्या हातात लाटणं तसंच, कुणाच्या काखेत लेकरू. आणि गिरणी भरलेली. वर दाणे असताना गिरणी बंद केली की दगड अडकतात, मग पुन्हा चालू करायला मालकांचा घाम निघतो. म्हणून दळण संपेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही, हा मालकांचा नियम.

फोन वाजला. मी एका कानात बोट घातलं, दुसऱ्या कानाला फोन दाबला.

'मावशी!' बिरूचा आवाज. 'क्लोज शेव्ह. सगळे क्लोज शेव्ह.'

आणि फोन कट!

बायका माझ्या तोंडाकडं बघतायत. 'काय म्हणाला? काय झालं? आमचे कसे हायत?'

क्लोज शेव्ह मला माहीतच नव्हता! आंटींनी तो दिला त्या दिवशी मी शिरूरला बहिणीकडं गेले होते. सगळे क्लोज शेव्ह म्हणजे सगळे काय? एक बाई रडायलाच लागली. 'सगळे म्हणाला ना? सगळेच?'

मी तशीच पळत सुटले. अनवाणी, केसांत पीठ, आणि मागं सगळ्या बायका. 'गिरणीकडं कोण बघणार' असं एरवी दहा वेळा म्हणणारे मालक त्या दिवशी काही बोलले नाहीत. आंटींच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. आंटी दारात आल्या, आमच्याकडं बघूनच त्यांचा चेहरा उतरला.

'आंटी, क्लोज शेव्ह म्हणजे काय?'

'कोण म्हणलं?'

'बिरू. कंपनीतनं. सगळे क्लोज शेव्ह म्हणाला.'

आंटींनी दाराची चौकट धरली. डोळे मिटले.

'थोडक्यात वाचले,' त्या म्हणाल्या. 'सगळे थोडक्यात वाचले!'

दुपारी बस आली, सगळे धडधाकट उतरले. मी बिरूच्या पाठीत धपाटा घातला. 'मुडद्या, मराठीत सांगायला काय झालं होतं?'

'मावशी, गेटवर शिफ्ट इनचार्ज उभा होता. फोनवर कुणी काय बोलायचं नाही म्हणाला. मराठी त्याला कळतं ना, आंटींचे वाक्प्रचार नाही कळत!'

आंटी जवळ आल्या, त्याचा खांदा, हात, पाठ चाचपून बघितली आणि म्हणाल्या, 'ह्यो वाक्प्रचार माझा मला परत दे. पुन्हा तुला लागायचा न्हाई.'

*

पण सुटलो असं वाटलं ते आम्हाला. बिरू जेवेना झाला.

एका संध्याकाळी तो आंटींशी हळू आवाजात बोलत बसला होता. मी पोत्यांच्या थप्पीमागं चाळण शोधत होते.

'आंटी, बॅच उतरली की पायपाची लाइन दोनदा धुवायची असते. भांडगावच्या दिवशी मी एकदाच धुतली. बस सुटत होती. आत थर राहिला, दुसऱ्या दिवशी लाइन चोक झाली आणि प्रेशर चढलं. भोंगा त्याचाच.'

'कुणाला सांगितलंस?'

'इनचार्जला कळलंय. तो म्हणतो, तोंड उघडू नको, तुझ्यासोबत मला पण घरी जावं लागेल. लाइन धुवायला हाताखाली दोन यूपीवाले हेल्पर असतात, त्यांनीच धुतली नाही असं ठरवून टाकलंय. त्यांचे गेटपास ठेवून घेतलेत. दोघं रोज गेटबाहेर येऊन उभी राहतात. मला बघून "बिरूभैया, राम राम" करतात.'

आंटींनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

'ह्याला कट कॉर्नर्स म्हणत्यात,' शेवटी त्या म्हणाल्या. 'वेळ वाचवायला कामातली एखादी पायरी गाळणं.'

'हा मी बोलू शकतो?'

'घडलाय तुझ्या हातनं. तुझाच हाय.'

मला राहवलं नाही. मी पोत्यांमागून बाहेरच आले. 'अरे बाबा, इंटरव्ह्यू तोंडावर आलाय! आधी पर्मनंट हो, सुपारी फुटू दे, मग हवं तर चौकात उभा राहून सांग. आबांचं दुसरीकडं बोलणं चाललंय, विसरलास का?'

आंटींनी माझ्याकडं वळून विचारलं, 'चाळण सापडली का?'

चाळण माझ्या हातातच होती.

*

कंपनीत चौकशी सुरू झाली. बिरू सांगायचा, नवा साहेब ज्याला त्याला बोलावून एकच विचारतोय, 'हू इज द ब्लॅक शीप?'

आंटींनी सगळ्यांसाठी अर्थ सांगितला. 'ब्लॅक शीप म्हंजी कळपातलं काळं मेंढरू. सगळ्या चांगल्यांत एक नासकं, ज्याच्यापायी बाकीच्यांना खाली बघाय लागतं.'

नेमके बाकावर बिरूचे आप्पा बसले होते, ज्वारी दळायला टाकून. भांडगावच्या दिवसापासनं ते पोराकडंच मुक्कामाला होते. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. ते उठले.

'काय म्हणला बाई? काळं मेंढरू नासकं?'

'मी न्हाई आप्पा, इंग्रजीत तसं म्हणत्यात.'

'आवं, पांढऱ्या लोकरीला आमच्यात कोण इचारतं? घोंगडी काळ्याची व्हते! पोर जन्मलं की काळ्या घोंगडीवर, लगीन लागलं की काळ्या घोंगडीवर, देव बसवला तरी काळ्या घोंगडीवर. माझ्या बानं काळं मेंढरू कवा इकलं न्हाई. आन् तुमी त्याला नासकं म्हणता?' त्यांचा आवाज गिरणीच्या वर गेला. 'बिरू, ऊठ! ज्या भाषेत काळ्या मेंढराला शिव्या हायत, त्या भाषेत माझ्या पोरानं नोकरी मागायची न्हाई!'

'आप्पा, अहो इंटरव्ह्यू...'

'ऊठ म्हणलं ना!'

आणि पोराला हाताला धरून गेले. पीठ घ्यायलासुद्धा थांबले नाहीत.

बिरू शिकायला यायचा बंद. इंटरव्ह्यू तर उंबऱ्यावर आलेला. मी दोनदा मध्यस्थी करून बघितली, आप्पांनी दोन्ही वेळा मला पाण्याचा तांब्या दिला आणि पावसापाण्याचं बोलले. आंटी मात्र रोज गिरणीत येऊन बसायच्या. आप्पांच्या पिठाचा डबा समोर ठेवायच्या. 'पिठासाठी तर येतील,' म्हणायच्या.

आले एकदाचे. आंटी त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

'आप्पा, चूक इलायतेची हाय. त्यांनी कवा घोंगडी पांघरलीच न्हाई, त्यांना काय कळनार? आपल्या गिरणीत आपण दुरुस्ती करू. आजपासनं नासक्या माणसाला व्हाइट शीप म्हणायचं.'

आप्पांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. 'आन् काळ्याला?'

'काळं ते चांगलंच.'

आप्पांनी जरा विचार केला. 'मग शिकवा पोराला,' म्हणाले आणि निघून गेले. पीठ पुन्हा विसरले!

मालक एवढा वेळ दळणाशी गप्प उभे होते. हळूच माझ्या कानाशी आले.

'अगं, दुरुस्ती झाली ते ठीक. पण साहेबाला कोण कळवणार?'

*

इंटरव्ह्यूच्या दिवशी गिरणीत दळण कमी आणि माणसं जास्त. आप्पा बाकावर. शेजारी आंटी, मांडीवर हात घट्ट धरून. भांडगावचे आबासुद्धा आले होते. 'मार्केटला आलो व्हतो, म्हणलं जाता जाता बसावं,' म्हणाले. हातात ना पिशवी ना पोतं. कसलं मार्केट!

फोन वाजला तो अर्थातच गिरणी भरलेली असताना. मी झडप घातली.

'मावशी...' बिरूचा आवाज पार आत गेलेला. मी एकेक वाक्य ऐकून मोठ्यानं सगळ्यांना सांगत गेले.

केमिस्ट्री झाली. नीट झाली. मग साहेबानं विचारलं, त्या दिवशीच्या भोंग्याला जबाबदार कोण? हू वॉज द ब्लॅक शीप? शिफ्ट इनचार्ज साहेबाच्या शेजारीच बसलेला. त्यानं बिरूकडं असं बघितलं की, घे त्या हेल्परांचं नाव आणि सुट.

'मग? मग तू काय म्हणालास?'

'मी म्हणालो, सर, इन अवर गिरणी वुई से व्हाइट शीप.'

मी कपाळावर हात मारला. पीठ उडालं.

'साहेबानं हातातलं पेन खाली ठेवलं. व्हाय, म्हणाला. मग मी काळ्या लोकरीचं सांगितलं. घोंगडीचं. जन्मापासनं सगळं, येईल तसं. तो ऐकत होता. मग विचारलं, सो हू इज युवर व्हाइट शीप?'

'आणि?'

'मी म्हणालो, मी सर. आय कट कॉर्नर्स. लाइन एकदाच धुतली. हेल्परांची काही चूक नाही.'

इथं मी सगळ्यांना सांगायची थांबले. पण माझा चेहरा बघून सगळ्यांना कळलंच.

'साहेब काय म्हणाले रे?'

'यू मे गो, म्हणाले.' फोन बंद.

मी सगळं सांगून टाकलं. आबा उठले, टोपी नीट केली. 'म्हंजी गेलं.'

'खरं बोललं न्हवं पोरगं?' आप्पांनी विचारलं.

'आवं, खरं बोलून पर्मनंट होत्यात व्हय कुणी?'

मी आंटींवरच उसळले. 'बघा तुमचा नियम! घडलं ते बोलला. आता काय घडलं बघा!'

आंटींनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

आबांनी पायात वहाणा सरकवल्या आणि फोन पुन्हा वाजला. मी उचलला. भारदस्त आवाज, हिंदीत. 'बिरुदेव के पिताजी हैं?'

आप्पांनी जन्मात फोन धरलेला नव्हता. उलटाच कानाला लावला, मी सुलटा करून दिला. मग ते ऐकत राहिले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं.

'हां... व्हय... व्हय... व्हय, काळी... न्हाई साहेब, येळ लागतो त्याला... बरं. बरं. राम राम.'

फोन ठेवला तो पोत्यावर! मी उचलून जागेवर ठेवला. आप्पा परत बाकावर बसले, खिशातून तंबाखूची पुडी काढली आणि मळायला लागले. आमचा जीव टांगलेला आणि ह्यांचा अंगठा तळहातावर गोल गोल!

'आप्पा, कोण होतं?'

'साहेब.'

'काय म्हणाले?'

'त्या दोन यूपीच्या पोरांचं पास माघारी दिलं म्हणला.'

'आणि?'

'आन् घोंगडी पायजे म्हणला. काळी.'

आबा एका पायात वहाण घालून उभे. 'आवं पाव्हणं, पर्मनंटचं काय म्हणला?'

'त्ये म्या इचारलं न्हाई.'

'इचारलं न्हाई?'

'म्या म्हणलं, साहेब, घोंगडी इणायला येळ लागतो. त्यो म्हणला, लगने दो. आपका लडका अब इधरही रहेगा. उसके हाथ भेज देना.'

आबा हळूच खाली बसले आणि त्यांनी वहाण काढली.

बाहेर बसचा हॉर्न वाजला. एकेक जण उतरला. सगळ्यांच्या शेवटी बिरू, मान खाली, पाय ओढत. दारात आधी पोचायला मीच धावले होते, पण आंटींनी मला कोपरानं बाजूला सारलं. तेवढ्यात मागं घरघर थांबली. वर दाणे असताना मालकांनी गिरणी बंद केली होती.

'बोल!' आंटी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं ओरडल्या. 'चंद्राचं कुलूप काढलं! बोल रे, आता बोल!'

बिरू पायरीवरच थांबला. आंटींकडं बघितलं, त्यांच्या मागं उभ्या आमच्याकडं बघितलं.

'का आंटी? काय झालं?'